एकशे दहाच्या पट्टीखाली

आमच्या खात्याकडे मुलाचं ड्रॉइंग आलं, तेव्हा मला नोकरीला लागून पाचच महिने झाले होते.

खातं म्हणजे इन्स्पेक्शन. पिंपरीच्या पुढे, मुंबई रस्त्याला लागून असलेल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत मी क्लार्क होते. सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं. शॉपमधून, म्हणजे कारखान्यातून, आलेल्या मालाची मापं इन्स्पेक्टर घेत आणि मोठ्यानं सांगत. मी ती रजिस्टरात उतरवायची. पास मालाला हिरवा टॅग, नापासाला लाल, आणि ज्याचं काय करायचं ते ठरत नसेल त्याला पिवळा. टॅग दोऱ्यानं बांधायचं कामही माझ्याकडेच होतं. मला ते आवडायचं, कारण त्यात बोलावं लागत नसे. मी कॉन्व्हेंटात शिकलेली. घरी आम्ही मराठीच बोलत होतो, पण चारचौघांत तोंड उघडायची वेळ आली की वाक्य आधी इंग्रजीत तयार व्हायचं, आणि त्याचं मराठी होईपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा.

ड्रॉइंगवर एक मूल होतं. समोरून, बाजूनं आणि वरून. वरून म्हणजे नुसतं वर्तुळ, पण ड्राफ्ट्समननं त्यात भांगाची रेघ काढली होती. पायापासून डोक्यापर्यंत बाण, आणि बाणाशेजारी माप: किमान एकशे दहा सेंटिमीटर. खालच्या चौकटीत पार्टचं नाव, मूल. मटेरियलच्या रकान्यात एक आडवी रेघ. नग किती, तर आवश्यकतेनुसार.

याला कारण होतं आदल्या वर्षीचा मेळावा. कंपनीच्या वर्धापनदिनाच्या रविवारी कामगारांची कुटुंबं आत यायची, मशीनं बघायची, जेवायची, आणि मागच्या मैदानात जत्रांतून फिरणारा एक कंत्राटदार विजेवरचा आकाशपाळणा उभा करायचा. त्या वर्षी एक लहान मुलगा पाळण्याच्या दांड्याखालून घसरला होता. पाळणा जमिनीपासून हातभरच वर होता, गुडघ्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण सेफ्टी कमिटी बसली. तीनदा बसली. अमुक उंचीखालचं मूल पाळण्यात बसवायचं नाही असं ठरलं, आणि उंची मोजायचं काम मोजमापाच्या खात्याकडे, म्हणजे आमच्याकडे आलं.

आमचे साहेब पुण्याचे, सदाशिव पेठेतले. दुसरा कुणी असता तर शिंप्याची टेप घेऊन उभा राहिला असता. साहेब म्हणाले, "टेपनं मोजलं की वाद होतात. माप आहे ना? मग ड्रॉइंग पाहिजे. ड्रॉइंग आहे ना? मग गेज पाहिजे."

"टॉलरन्स किती धरायचा, साहेब?" आमच्या इन्स्पेक्टरनं विचारलं, म्हणजे मापात किती फरक चालवून घ्यायचा. तो चेष्टेनं विचारत होता, पण साहेबांनी विचार केला.

"वर कितीही. खाली शून्य."

गेज, म्हणजे माप पडताळायचं साधन, बनवायचं काम टूलरूममधल्या एका मिस्त्रींकडे गेलं. अकरा वर्षांत त्यांचा एकही जॉब लाल टॅग घेऊन परत गेला नव्हता, हे कंपनीत सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यांनाही माहीत होतं. देहूच्या अलीकडच्या एका गावातून सायकलवर यायचे. पंधरा दिवस कामातून वेळ काढून त्यांनी तो गेज केला. खाली बिडाचा जाड पाया, त्यावर घासून गुळगुळीत केलेला खांब, खांबावर सेंटिमीटरच्या खुणा कोरलेल्या, आणि खांबावरून वरखाली सरकणारी, स्क्रूनं घट्ट होणारी एक आडवी पट्टी. मुलाच्या डोक्याला लागेल म्हणून पट्टीच्या कडा त्यांनी गोल केल्या होत्या. पट्टी एकशे दहावर ठेवायची. मूल खाली उभं राहिलं आणि डोकं पट्टीला टेकलं की पास. टेकलं नाही तर पट्टी खाली आणून किती कमी ते लिहायचं.

गेज खात्यात आणून ठेवताना ते माझ्याशी बोलले. ते मला ताई म्हणायचे. "यंदा पोरगीला पाळण्यात बसवनार हाय, ताई. गेल्या साली माझी सेकंड शिफ्ट व्हती, ऱ्हाऊन गेलं. वर्षभर डोस्कं खाल्लंय तिनं."

"उंची?" मी विचारलं. एका शब्दाचं वाक्य मला जमत असे.

"येकशेबारा. दाराच्या चौकटीला उभी करून मापली, स्टीलच्या पट्टीनं. सातवं वरीस सरंल आता."

मेळाव्याच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला बोलावून सांगितलं की रजिस्टर मी ठेवायचं, गेजही मीच चालवायचा, कारण लहान मुलं बाईमाणसाला घाबरत नाहीत. आणि प्रत्येक ओळीवर सही माझी. मग नापासांच्या रकान्यात काय लिहायचं यावर ते अडले.

"कमी मापाचा जॉब म्हणजे स्क्रॅप. जास्त असेल तर घासता येतो. कमी असेल तर काय करणार?"

मी धीर केला. "सर, मुलं वाढतात."

"किती दिवसांत?"

"वर्षभरात."

"मेळावा उद्या आहे," साहेब म्हणाले. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "होल्ड लिहा. पण टॅग लालच."

रविवारी सकाळी मैदानाच्या तोंडाशी टेबल, टेबलाशेजारी गेज, आणि गेजवर आदल्याच दिवशी तपासल्याचं साहेबांच्या सहीचं लेबल. माझ्या एका हाताशी हिरव्या टॅगांचा गठ्ठा, दुसऱ्या हाताशी लाल. मागे पाळणा तेलपाणी करून उभा. पाळणेवाला लाल टॅगवाल्याला आत घेणार नव्हता, त्याला तशी लेखी सूचना होती. त्यानं ती घडी करून कानामागे विडी ठेवतात तशी ठेवली होती.

आधी आली चिंचवडच्या कॉलनीतली, ऑफिसरांची मुलं. गाडीतून येणारी लवकर येतात. मुलं बूट जोडून, हात बाजूला घेऊन, शाळेच्या प्रार्थनेला उभी राहावीत तशी राहिली. टक, टक, डोकी पट्टीला टेकली. चौदा मुलं, चौदा हिरवे टॅग. मला बोलावंही लागलं नाही.

मग दहाच्या सुमाराला सायकली, बस आणि ट्रकच्या हौद्यातून बाकीचे आले. चाकणकडचे, देहूकडचे, थेरगावचे. नवे परकर, वाढत्या अंगाचे ढगळ पायजमे, केसांना तेल, डोळ्यांत काजळ. पहिला मुलगा चांगला हाडापेरानं मोठा, पाचवीतला वाटावा असा. पट्टीखाली आला आणि पट्टी त्याच्या डोक्यापासून चार बोटं वर राहिली. मी पट्टी खाली आणली. एकशे चार. लाल. त्याच्यामागची मुलगी, एकशे सहा. लाल. मग भाऊ-भाऊ दोघं, दोन्ही लाल.

फाउंड्रीतला एक जण युनियनमध्ये होता. भारदस्त माणूस, गेट मीटिंगला माइक नको लागायचा त्याला. त्याचा मुलगा पट्टीखाली आला तेव्हा एकशे तीन भरला. "परत घ्या, बाई," तो म्हणाला. मी परत घेतलं. एकशे एक. मला वाटलं माझं वाचायला चुकलं. तिसऱ्यांदा पट्टी हळूहळू खाली आणली, आणि पट्टी जशी खाली येत होती तसा तो मुलगाही खाली जात होता. अठ्ठ्याण्णव.

"आमच्या डोळ्यांदेखत पोरगं आटलं की," मागून कुणी तरी म्हणालं.

साहेब आले. त्यांनी चष्मा लावून खुणा पाहिल्या, मुलाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. "सकाळचा गारवा आहे," ते म्हणाले. "मेटल आकसतं."

"पोराचं का गेजचं?" फाउंड्रीवाल्यानं विचारलं.

साहेबांनी थर्मामीटर आणायला माणूस पाठवला.

तासाभरात माझ्या रजिस्टरात पंचवीस लाल झाले. मुलांच्या गुंड्यांना, मनगटांना लाल टॅग बांधलेले, आणि ती सगळी पाळण्याच्या दोरीबाहेर उभी राहून वर बघत होती. वर ऑफिसरांची मुलं फिरत होती. हे मला दिसत होतं, आणि इतरांनाही दिसत होतं.

"सायबाची पोरं पास, आमची नापास," फाउंड्रीवाला शांतपणे म्हणाला. तो ओरडला असता तर बरं, असं मला वाटलं. "राव, गेज कुनी बनिवला?"

कुणी तरी मिस्त्रींचं नाव सांगितलं. ते रांगेतच होते. एका हातात टोपी, दुसऱ्या हातात मुलगी. मोरपंखी परकर, वर पिवळा पोलका, वेण्या कानावर वळवून लाल रिबिनीत बांधलेल्या. लोकांनी त्यांना वाट करून दिली, म्हणजे पुढे ढकललं.

मुलगी पट्टीखाली गेली. पट्टी टेकली नाही. मी पट्टी खाली आणली. एकशे सात.

मी आकडा मोठ्यानं न वाचता रजिस्टरात उतरवला, पण मिस्त्रींना खांबावरची खूण वाचता येत होती. ती त्यांनीच कोरली होती. त्यांनी मुलीला बाजूला केलं, खिशातून कापडाचा बोळा काढला, खांब पुसला. पायाच्या चारी कोपऱ्यांवर अंगठा दाबून पाहिलं, हलतो का. पट्टीवर पाणसळ ठेवून पाहिली, जी ते बहुधा लग्नालाही खिशात घेऊन जात असावेत.

"काय?" फाउंड्रीवाल्यानं विचारलं.

"गेज बराबर हाय."

"मग पोरगी खोटी हाय का? तूच सांगत व्हतास येकशेबारा."

"येकशेबाराच हाय."

"मिस्त्री, दोन्ही खरं कसं असंल? गेज चुकला म्हन. येवढं म्हनलास की झालं. सायेब लेबल काढत्याल, सगळी पोरं बसत्याल, तुझी बी बसंल. तू न्हाई म्हनलास तर आमी काय समजायचं, तूच सांग."

साहेबही तिथेच उभे होते. त्यांनी लाल टॅग हातात घेतला होता, गेजला बांधायचा. ते मिस्त्रींकडे बघत होते. नुसती "चुकला" एवढी एका शब्दाची कबुली, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या कामाला लाल टॅग लागला असता. नाही म्हणाले तर मुलगी दोरीबाहेर, आणि उद्यापासून शॉपमध्ये ते साहेबांचा माणूस. मिस्त्री कापडाचा बोळा मुठीत दाबत राहिले. मुलगी त्यांच्या सदऱ्याला धरून पाळण्याकडे बघत होती. तिला यातलं काही कळलं नव्हतं, तिला फक्त आत जायचं होतं.

मी तिच्या परकराकडे बघत होते. न बोलणाऱ्या माणसाला बघायला वेळ खूप मिळतो. गेजच्या पायावर ती उभी होती तेव्हा परकराची कड बिडाला टेकलेली होती. आता ती बापाजवळ उभी होती आणि तिचे घोटे दिसत होते, दोन्ही पायांतले वाळे दिसत होते.

मी टेबलामागून उठले आणि तिच्यासमोर उकिडवी बसले. "तू गुडघे वाकवतेस का?" मी हळूच विचारलं. माझं पुस्तकी मराठी ऐकून तिला मी बाईंसारखी वाटले असणार, कारण तिनं शाळेत देतात तसं लगेच उत्तर दिलं.

"व्हय."

"का?"

"काठी हाय न्हवं." तिनं पट्टीकडे बोट केलं. "काठीला डोस्कं लागलं की पैशे पडत्यात."

मला समजेना. मग तिनं मला समजावून सांगितलं, मी लहान आणि ती मोठी असल्यासारखं. जत्रेत तंबूतला सिनेमा येतो. तंबूच्या तोंडाशी माणूस काठी आडवी धरतो. काठीखालून जो जाईल तो फुकट. म्हणून काठी दिसली की गुडघं वाकवायचं, पण परकरात, दिसू द्यायचं न्हाई.

"कुणी शिकवलं?"

"बाबांनी."

मी तिच्या उंचीला खाली बसले होते, वर माणसं बोलत होती, त्यामुळे हे मीच ऐकलं. मी उठले. मला आठवतं, माझ्या डोक्यात वाक्य आधी इंग्रजीत तयार झालं, आणि ते चांगलं, सभ्य वाक्य होतं, पण मराठीत त्याचं काय होईल ते मला माहीत होतं. साहेबांसमोर, युनियनसमोर, सगळ्या शॉपसमोर मी सांगणार की केसाच्या जाडीचाही फरक न चालवून घेणाऱ्या या माणसानं आपल्या मुलीला तंबूच्या दारात पाच सेंटिमीटर लपवायला शिकवलं आहे. मी मिस्त्रींच्या जवळ गेले आणि फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ती वाकते आहे. काठी समजून."

त्यांचे कान लाल झाले. ते मुलीपाशी वाकले आणि तिच्या कानात काही तरी बोलले. मग तिला पुन्हा गेजखाली उभं केलं. या वेळी मी पट्टी एकशे दहावर ठेवली होती, आणि ती तिच्या डोक्याला आपटली. मुलगी घाबरून बापाकडे बघायला लागली. मी पट्टी वर सरकवली. एकशे बारा.

मी हिरवा टॅग उचलला. मला वाटलं, संपलं.

"थांबा," साहेब म्हणाले. "आधी किती होतं?"

मी रजिस्टर पुढे केलं.

"पाच मिनिटांत एकशे सात आणि एकशे बारा. एकाच जॉबचं दोनदा माप घेतलं आणि वेगवेगळं आलं, तर दोष गेजचा. जॉब वाढत नाही." ते माझ्याकडे वळले. "पाच मिनिटांत तरी नाही." आणि त्यांनी लाल टॅगचा दोरा सोडवायला घेतला. फाउंड्रीवाल्यानं हात छातीवर बांधले. त्याला हवं तेच होत होतं. मुलीला हिरवा टॅग मिळणारच होता, आणि मिस्त्रींनी काहीच न बोलता गेजला लाल लागू दिला असता, तर कुणाला काही कळलं नसतं.

"सायेब, त्यो बांधू नका," मिस्त्री म्हणाले.

साहेब थांबले.

"गेजमधी फरक न्हाई. पोरगीत हाय. आन् त्यो म्याच घातलाय."

आणि मग त्यांनी सांगितलं. तंबू, काठी, परकर, सगळं. मान खाली घालून, पण एकही माप न गाळता, अगदी काठी जमिनीपासून किती उंच धरतात तेही. सांगून झाल्यावर त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

कुणी हसलं नाही. मी हसण्याची वाट बघत होते, पण लोक आपापल्या मुलांकडे बघत होते. फाउंड्रीवाल्यानं हात सोडले आणि मुलाची कॉलर धरून त्याला समोर घेतलं.

"तू बी वाकलास का रं?"

"तुमीच सांगितलं व्हतं," मुलगा म्हणाला. "काठी खाली आली की अजून वाकायचं."

"मी तंबूचं सांगितलं व्हतं."

"हितं तंबू न्हाई म्हनून कुटं सांगितलं व्हतं?"

तेव्हा लोक हसले. साहेब हसले नाहीत. ते रजिस्टराची पानं उलटत होते. सव्वीस लाल, प्रत्येक ओळीवर माझी सही. "हे सगळे परत मोजायचे," ते म्हणाले. "पण आधीच्या नापासाचं कारण लिहावं लागेल. कारणाशिवाय लाल काढता येत नाही."

"ऑपरेटरची चूक लिवा, ताई," मिस्त्री म्हणाले.

"ऑपरेटर कोण?" साहेबांनी विचारलं. तो रकाना रजिस्टरात होता.

"बाप."

साहेबांनी मान डोलावली. मी सव्वीस वेळा लिहिलं. कधी लिहायचा हात थांबलाच, तर तो एखाद्या ठिकाणी बाप की आई हे विचारण्यापुरता. दोन आयांनी आपणहून नाव बदलून घेतलं.

पुन्हा मोजणं सोपं गेलं नाही. आयुष्यभर वाकायला शिकलेल्या मुलांना एका मिनिटात ताठ करता येत नाही. कुणी ताठ म्हटल्यावर चवड्यांवर उभं राहिलं, कुणी श्वास धरून लालबुंद झालं, आणि एक मुलगी पट्टी दिसू नये म्हणून डोळे मिटून उभी राहिली आणि तरीही वाकली. तिला तिच्या आजोबांनी काखेत हात घालून सरळ केलं, तर तिचे पाय बिडावरून सुटले आणि साहेबांनी ते माप धरलं नाही. सव्वीसातले एकोणीस हिरवे झाले. सात खरोखरच लहान होती. त्यांच्यापुढे मी होल्ड लिहिलं आणि त्यांना दोन-दोन लाडू मिळतील अशी व्यवस्था केली, हा माझा त्या दिवसातला एकमेव स्वतंत्र निर्णय.

परत मोजणं सुरू होत होतं, तेव्हा मिस्त्रींची मुलगी अजून पाळण्यात बसली नव्हती. हिरवा टॅग मनगटाला बांधल्यावर तिनं बापाला विचारलं, "डोस्कं लागलं. आता पैशे पडत्याल?"

"न्हाई पडत."

"मग वाकायचं का?"

"न्हाई. हितनं फुडं कुटंच न्हाई."

तिनं त्यावर विचार केला. तंबूत पण का, असं तिला विचारायचं असावं. पण पाळणा थांबला होता आणि पाळणेवाला बोलवत होता. ती धावत गेली.

पाळणा सुरू झाला. मिस्त्री मात्र माझ्या टेबलाशीच उभे राहिले, पाळण्याकडे पाठ करून, गेजच्या खांबावर नसलेली धूळ पुसत. शॉपमधले लोक जाता-येता त्यांच्याकडे बघत होते. उद्या काय होईल ते मिस्त्रींना माहीत होतं. शॉपमधले सगळे त्यांना महिनाभर काठी म्हणून हाक मारणार होते, आणि मारलीही.

"ती वर आहे," मी म्हटलं. हे वाक्य मात्र सरळ मराठीतच आलं.

त्यांनी मान वळवली. मोरपंखी परकर आभाळात अगदी टोकाला होता.

"ताठ बसलीया," ते म्हणाले.

मग ते खाली बसले, रांगेतल्या पुढच्या मुलाच्या दोन्ही गुडघ्यांवर आपले पंजे ठेवून मागे दाबले, आणि मला म्हणाले, "आता आना पट्टी खाली."